गोळा न भरलेली तोफ

उजव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर ओढायची, नडगीवर बोटानं टकटक करायचं आणि म्हणायचं, "इथे लोखंड." समोर कोण आहे, जागा कुठली आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. मी त्यांना हे करताना पहिल्यांदा पाहिलं ते आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या सुपरमार्केटमध्ये, दुधाच्या फ्रिजसमोर. शेजारी एक आयरिश बाई दही निवडत होती. तिनं त्यांची ती काटकुळी नडगी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि दही न घेताच निघून गेली.

मी फक्त एवढंच विचारलं होतं की काका, इथली थंडी मानवते का.

लोखंडाचा खुलासा फ्रिजचं दार उघडं ठेवूनच झाला. कंपनी सरकारच्या फौजेत घोडतोफखाना नावाचं दल होतं. साध्या तोफखान्यात तोफ बैल ओढायचे आणि माणसं शेजारून पायी चालायची. घोडतोफखान्यात सगळा कारभार घोड्यावर. तोफेला घोड्यांच्या जोड्या, जोडीतल्या डाव्या घोड्यावर स्वार, उजवा घोडा मोकळा. तोफ भरधाव सुटली की स्वाराचा उजवा पाय मधल्या दांडीवर आपटून चिरडायचा, म्हणून त्या नडगीला लोखंडी पट्टी बांधायचे. हे सगळं ऐकेपर्यंत फ्रिज बीप बीप करायला लागला होता. काकांनी दार लावलं नाही. फ्रिजकडे असं पाहिलं की जणू तोच मधे बोलत होता.

हे गृहस्थ आमच्याच हाउसिंग इस्टेटमध्ये, चार घरं सोडून राहायचे. जन्म खडकीचा. तिथल्याच एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. बायको गेल्यावर मुलानं इकडे आणलं. मुलगा माझ्याच प्लांटमध्ये इंजिनिअर आणि मी तिथल्या लॅबमध्ये, त्यामुळे मी त्यांच्यासाठी कायमची 'केमिस्टबाई'. मराठी मंडळात त्यांना सगळे तोफखानाकाका म्हणायचे, आधी मागून आणि नंतर तोंडावर. त्यांचं खरं नाव इथे देत नाही. दिलं असतं तर त्यातली एखादी वेलांटी चुकली असती आणि त्यांनी वरून ऐकवलं असतं.

कारण त्यांचं दुसरं वाक्य होतं, "चूक. बसा, सांगतो."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. लग्नात पत्रिकेवरची चूक दाखवणारा, आजाऱ्याला भेटायला जाऊन औषधाचा उच्चार सुधारणारा. आपण त्याला टाळतो आणि वर म्हणतो की माणूस विद्वान आहे. काकांना टाळणं अवघड होतं, कारण ते समोरच्याला आधी बसवायचे.

एकदा मी प्लांटमधून वैतागून आले होते. ऑडिटमध्ये आमच्या मॅनेजरनं मला एकटीलाच पुढे केलं होतं. दारात काका दिसले तशी मी म्हणाले, "आज मला अगदी तोफेच्या तोंडी दिलं हो."

"चूक. बसा, सांगतो," काका म्हणाले. "दिलं असतं तर सांगायला आला नसतात. त्या माणसांचं अंत्यविधीला पुरेल एवढंही घरी पोचायचं नाही. बोलताना जरा जपून बोलावं."

मी चहाचंही विचारलं नाही. ते मात्र अजिबात रागावलेले नव्हते. चूक दुरुस्त झाली होती, त्यांच्या दृष्टीनं विषय मिटला होता.

गणपतीत आमच्या मंडळाचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. माणूस सॉफ्टवेअरमधला, गोरागोमटा, दरवर्षी नवीन कुर्ता. सासू-सासरे पुण्याहून आलेले, पहिल्या रांगेत बसलेले. अध्यक्षांनी ऐटीत सांगितलं की आपले खापरपणजोबा मुंबई फौजेच्या घोडतोफखान्यात गोलंदाज होते. मागून आवाज आला, "चूक." काकांनी उभं राहून खुलासा केला, "तिथे तोफेवर गोरे असत. त्यातले पुष्कळसे इथलेच, आयर्लंडचे उपाशी पोरगे. आपली माणसं घोडे सांभाळणारे मोतद्दार, नाहीतर घोड्याला गवत कापून आणणारी. तुमचे खापरपणजोबा गवत कापत होते."

हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांच्या सासूबाईंनी पदर सावरला. काका खाली बसता बसता म्हणाले, "माझेही तेच करत. फरक इतकाच की मला माहीत आहे." हे दुसरं वाक्य कोणी ऐकलं नाही. पहिलं मात्र अध्यक्ष शेवटपर्यंत विसरले नाहीत.

आणि त्या पोनीच्या वाढदिवसाचं काय सांगू. इकडे मुलांच्या वाढदिवसाला पोनी भाड्यानं आणतात. आमच्या गल्लीतली पोरं रांगेत उभी होती, पोनी जरा लंगडत होता. एका पोरीनं काकांना विचारलं, "इज ही सिक?" काकांनी तिला गवतावर बसवलं आणि तोफखान्यात लंगड्या घोड्याचं काय करत ते बंदुकीच्या आवाजासकट सांगितलं. पोरगी रडत घरात पळाली. काकांचा नातू तिथेच होता. तो त्याच्या ड्रोहेडा ढंगात म्हणाला, "आजोबा, दॅट वॉज ब्रूटल." काकांनी त्यालाही दुरुस्त केलं, "आजोबा बरोबर आहे. बाकीचं मराठीत म्हण."

मला त्यांचा राग यायचा. भरपूर यायचा. तो एकदाच उतरला, त्यांच्या मुलानं गाडीत एक गोष्ट सांगितली तेव्हा.

आई गेल्यावर शोकसभा होती. कोणीतरी रीतीप्रमाणे म्हणालं की वहिनी अगदी शांतपणे गेल्या. काका उठले आणि म्हणाले, "चूक. ती फार त्रास होऊन गेली. पाणी मागत होती आणि डॉक्टरांनी नको सांगितलं होतं." नंतर मुलगा चिडला तेव्हा ते त्याला म्हणाले, "तिनं जे सोसलं ते तिचं आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ते पुसून टाकू?"

मुलगा हे सांगताना स्टिअरिंगकडे बघत होता. म्हणाला, "ताई, बाबा बरोबर होते. पण बाबा बरोबर असतात तेव्हा घरात कोणाला जेवण जात नाही."

अशा माणसाला इथे मैत्रीण मिळाली, हे नवलच. मीच निमित्त झाले. आमच्या चर्च हॉलमध्ये म्हाताऱ्या लोकांची कॉफीची सकाळ असते, तिथे मी त्यांना एकदा सोडून आले. परत न्यायला गेले तर काका ताठ बसलेले, पँट वर, नडगी उघडी, आणि समोर एक म्हातारी वाकून ती नडगी अगदी मनापासून न्याहाळत होती. त्या नोराबाई. एकट्या, पोरंबाळं नाहीत, गावाबाहेरच्या जुन्या रस्त्यावर बापाच्याच घरात राहायच्या. त्यांचे पणजोबा बटाट्याच्या दुष्काळात पोरके झाले, कंपनीच्या फौजेत भरती होऊन घोडतोफखान्यात गेले आणि काही वर्षं खडकीलाच होते.

"किर्की," नोराबाई म्हणाल्या.

"खडकी," काका म्हणाले. "पण तुमच्या तोंडून किर्की चालेल."

मी चाट पडले. चालेल हा शब्द त्यांच्याकडे असतो हेच मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून दर गुरुवारी काका बस पकडून नोराबाईंकडे जायचे. जाताना सुनेनं केलेला चिवडा, येताना नोराबाईंनी भाजलेला ब्राउन ब्रेड. त्या काकांना 'मेजर' म्हणायच्या. काकांनी जन्मात गणवेश घातला नव्हता, आणि जगातली एवढी एकच चूक त्यांनी कधी दुरुस्त केली नाही. ते त्यांना छावणीतला दिवस कसा उगवायचा ते सांगायचे, खरारा कसा व्हायचा, घोड्यांना पाणी कोण दाखवायचं. नोराबाई पणजोबांचं सांगायच्या. बोलता बोलता त्या 'युअर मॅन' म्हणायच्या, इकडे कोणाचाही उल्लेख तसाच करतात. काका घरी येऊन सांगायचे, "आज आमच्या माणसाचा घोडा पाण्यात उतरला." जणू तिघं मिळून राहत होते.

गुरुवारी काका दाढी गुळगुळीत करायचे. सून मला म्हणाली, "बाबा आंघोळ करताना गुणगुणतात हो." तिच्या आवाजात भीती जास्त होती.

नोराबाईंची एकच इच्छा होती. वंश त्यांच्याशीच संपणार होता. आपण जाण्याआधी पणजोबांचं नाव कुठेतरी दगडावर असावं, कारण ते परदेशात काहीतरी चांगलं करून आले होते, असं घरात परंपरेनं चालत आलं होतं. काय चांगलं, ते त्यांनी काकांना नीट सांगितलं नव्हतं. ते राखून ठेवलं होतं, पाहुण्यासाठी चांगली कपबशी ठेवावी तसं.

ही गोष्ट अध्यक्षांच्या कानावर गेली आणि त्यांना ती फारच आवडली. भारत-आयर्लंड मैत्री, चर्च हॉलच्या भिंतीवर शिळा, काउन्सिलरच्या हस्ते अनावरण, डब्लिनहून ढोलपथक. एका गुरुवारी ते स्वतः नोराबाईंकडे आले. काका आणि मी होतोच. बाईंनी टेबलावर चांगलं कापड घातलं होतं, आणि ब्रेड कापता कापता त्यांनी ती राखून ठेवलेली गोष्ट काढली.

पणजोबा म्हातारपणी शेकोटीपाशी बसून एकच वाक्य म्हणत. त्या दिवशी तोफेत गोळा नव्हता, देवाशपथ, गोळा नव्हता. नोराबाईंच्या आजोबांनी ते लहानपणी ऐकलं होतं.

"सत्तावनच्या बंडाच्या वेळची गोष्ट," नोराबाई म्हणाल्या. "युअर मॅन स्वतः भुकेनं घर सोडलेला. तुमच्या लोकांना मारायला त्याचा हात होईना. त्यानं आणि बरोबरच्या पोरांनी तोफेत नुसती दारू भरली आणि उडवली. गोळा भरलाच नाही."

अध्यक्षांचे डोळे भरून आले. खोटं सांगत नाही, खरंच आले. "नोरा, ही वॉज अ रिअल हीरो," ते म्हणाले.

काकांनी विचारलं, "घोडे कुठे होते?"

"काका, घोड्यांचं काय आता," अध्यक्ष मराठीत पुटपुटले.

"घोडे लांब नेऊन झाडांमागे बांधले होते, म्हणायचे," नोराबाई म्हणाल्या. "घोड्यांना ते सोसलं नसतं."

"आणि अंगातला कोट?"

"तुम्हाला कसं ठाऊक, मेजर?" त्यांचा चेहरा उजळला. "जाळला. संध्याकाळी सगळ्यांनी आपापले कोट जाळले. सरकारचा कोट जाळायला छाती लागते."

मी 'चूक, बसा' ची वाट पाहत होते. काकांनी हातातला ब्रेडचा तुकडा बशीत ठेवला आणि तो परत उचलला नाही.

परत येताना गाडीत त्यांनी मला सांगितलं, तेही मी विचारल्यावर.

"लढाईत घोडे तोफेच्या मागे, हाताशी ठेवतात. पुढे धावायचं असतं, नाहीतर पळायचं असतं. घोडे लांब नेऊन बांधले म्हणजे कुठे जायचं नव्हतं. गर्दीपुढे उभं राहून करायचं काम होतं. त्या कामाला गोळा लागत नाही, केमिस्टबाई. माणूस तोफेच्या तोंडाला पाठ लावून बांधलेला असतो. नुसती दारू पुरते." मग म्हणाले, "कोट का जाळले ते तुम्हाला सांगायला नको."

पुढचा सिग्नल हिरवा झाला तरी मी थांबूनच होते. मागच्यानं हॉर्न दिला.

"तुम्हाला खात्री आहे?" मी विचारलं.

"त्यांच्या पणजोबांची तुकडी बंडाच्या वेळी कुठे कुठे होती ते मला पाठ आहे. ही शिक्षा तिनं दिलेली आहे. चूक निघाली तर त्या बाईंच्या दारात नाक घासेन. चूक निघावी असं फार वाटतंय." ते खिडकीबाहेर बघत होते. "तो म्हातारा शेकोटीपाशी बसून कबुली देत होता. घरच्यांनी त्याचा पराक्रम केला."

पुढच्या आठवड्यात जो तो त्यांना समजवायला गेला. अध्यक्ष तर घरी येऊन बसले. "काका, प्लीज. प्रोग्रॅम फिक्स आहे, दगड कोरून झालाय. आणि हू केअर्स यार, किती वर्षं झाली त्याला. कोण विचारायला येणार आहे?"

"ज्याला बांधला त्याची बायको."

"ती कुठे आहे आता, काका?"

"तेच म्हणतोय मी. ती नाही, म्हणून तुम्ही ढोल वाजवणार."

अध्यक्षांचा भारताभिमान एवढा दांडगा, पण बांधलेला माणूस आपला होता हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. त्यांना काउन्सिलर दिसत होता. गुळाला मुंगळे चिकटावेत तशी आमची मंडळी त्या कार्यक्रमाला चिकटली होती, आणि मधे हा म्हातारा.

मुलगा वेगळं बोलला. "बाबा, इथे तुम्हाला त्या एकट्याच आहेत. आई गेल्यावर मी तुम्हाला त्यांच्याकडून येतानाच हसताना पाहिलंय."

मीही सोडलं नाही. म्हटलं, "काका, तुमच्या सत्याला घाई नाही. नोराबाईंना आहे. दोन-चार वर्षं थांबा, मग सांगा."

"मग कोणाला सांगू?"

मला आजही वाटतं की थांबायला हवं होतं, आणि आजही त्यावर उत्तर सुचत नाही.

गुरुवारी मीच त्यांना नेलं. बसमधून हे ओझं घेऊन एकट्यानं जाणं मला बरं वाटेना. नोराबाईंनी दार उघडलं, कोट घेतला, किटली ठेवली. अनावरणाच्या दिवशी कुठली टोपी घालू म्हणून दोन टोप्या काढून ठेवल्या होत्या. मेजरनीच सांगावं, म्हणाल्या.

काका बसले नाहीत. हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि सांगू लागले.

आता ऐका, क्रूरपणा कशात होता. खरं सांगण्यात तो नव्हता. खरं हळू सांगता येतं, अर्ध्यावर थांबता येतं, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत सांगता येतं. काकांना त्यातलं काही येत नव्हतं. गणपतीत अध्यक्षांना सांगितलं त्याच आवाजात ते सांगत गेले. रांग कशी लावत, दोर कुठून कुठे, इशारा कोण देई, बघायला कोणाकोणाला सक्तीनं उभं करत, नंतर मैदान कोण साफ करी. ते काम मोतद्दारांचं, गवत कापणाऱ्यांचं. तिथे त्यांचा आवाज जरा हलला. बाकी कुठेच हलला नाही.

"पुरे, मेजर," नोराबाई म्हणाल्या.

"नो मॅडम. देअर इज मोअर," काका म्हणाले आणि उरलेलं सांगितलं.

किटली उकळून बंद पडली होती. नोराबाई टोपीची कड बोटांनी सरळ करत राहिल्या. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "एवढं तरी सांगा. बत्ती त्यांनी दिली नसेल ना? एका तोफेवर इतकी माणसं. बत्ती दुसऱ्या कोणी दिली असेल."

मी काकांकडे पाहिलं. मनात म्हटलं, म्हणा हो. म्हणा, दुसऱ्यानं दिली. तुम्हाला तरी कुठे ठाऊक आहे? 'हो' म्हणायला तुमचं काय जातंय? बाकीचं सगळं सोसून बाई तेवढ्या 'हो' वर उरलेले दिवस काढील. काकांनाही ते कळलं होतं. त्यांच्या तोंडावर मी ते स्पष्ट पाहिलं. ओठ हलले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

नोराबाई उठल्या. ब्रेड भाजलेला होता, तो नेहमीसारखा कागदात गुंडाळला, दोरी बांधली आणि काकांच्या हातात दिला. म्हणाल्या, "तुमची बस चुकेल." माझी गाडी त्यांच्या खिडकीसमोरच उभी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून शिळा रद्द केली. कारण कोणालाच दिलं नाही. अध्यक्षांनी त्यांचं मन वळवायला माणसं पाठवली, फादरलाही मध्ये घातलं. बाई बधल्या नाहीत. कोरलेला दगड कारागिराच्या आवारात पालथा पडून राहिला. पुढे त्यानं दुसऱ्या बाजूनं कोणाचं तरी नाव कोरून वापरला, असं ऐकलं.

मंडळानं काकांचा सूड घेतला तो आपल्या सभ्य पद्धतीनं. कोणी भांडलं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमधून नाव गेलं. संक्रांतीला मुलाला, सुनेला, नातवाला बोलावणं आलं आणि निरोपात शेवटी 'काकांना हॉलच्या पायऱ्या झेपणार नाहीत' असं प्रेमानं लिहिलं होतं. हॉलला पायऱ्या नाहीत. काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "चूक." बसा म्हणायला समोर कोणी नव्हतं.

गुरुवारी ते जात राहिले. मी एकदा त्या रस्त्यानं जाताना पाहिलं. फाटकाबाहेर उभे, हातात चिवड्याचा डबा. आत रेडिओ चालू होता, धुराड्यातून धूर निघत होता. फाटकाला नुसती कडी होती, ती ते काढत नव्हते. मी गाडी थांबवून काच खाली केली.

"काका, चला, सोडते."

"बस आहे माझी," ते म्हणाले. "मी त्यांना आत घ्या म्हणायला येत नाही. त्यांना काही विचारायचं असेल तर मी असावं, म्हणून येतो."

"काही विचारतात?"

"नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मी बरोबर होतो की नाही, केमिस्टबाई?"

"होतात," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "चहा फार चांगला करायच्या हो त्या." आणि डोळे पुसले, अगदी उघड, रुमाल काढून. मला त्या बाईंचा संताप आला, काकांचा आला, त्या शेकोटीजवळच्या मेलेल्या म्हाताऱ्याचाही आला. राग यायला आपल्याला माणसं कमी पडत नाहीत.

त्या हिवाळ्यात काकांच्या छातीत पाणी झालं आणि ते गेले. शांतपणे गेले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मुलानंही कोणाला तसं सांगितलं नाही.

इकडे अंत्यविधीला न जाणं म्हणजे फार वाईट. ओळख असो नसो, माणसं येतात, हात हातात घेतात, 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणतात, सँडविच खातात. म्हाताऱ्या बायका सकाळी रेडिओवरच्या निधनवार्ता देवाचं नाव घ्यावं तशा ऐकतात. काकांच्या अंत्यदर्शनाला आमची गल्ली लोटली. पोनीवाली पोरगीही आईबरोबर आली. मंडळाकडून अध्यक्षांनी मोठा पुष्पहार पाठवला, स्वतः कामात होते. नोराबाई आल्या नाहीत. मी दाराकडे बघत होते, मुलगाही बघत होता, आणि आम्ही दोघं एकमेकांना ते दाखवत नव्हतो.

निघताना शववाहिनीच्या माणसानं रीतीप्रमाणे विचारलं, "वाटेत कुठलं घर आहे का, ज्याच्यावरून त्यांना शेवटचं न्यायचं?" मुलानं नोराबाईंच्या रस्त्याचं नाव सांगितलं.

इथली आणखी एक रीत आहे. शववाहिनी ज्या रस्त्यानं जाते तिथली घरं पडदे ओढून घेतात आणि माणसं दारात येऊन स्तब्ध उभी राहतात. त्या जुन्या रस्त्यावर काकांना कोण ओळखत होतं? फाटकाशी उभा राहणारा कोणी परदेशी म्हातारा, एवढंच. तरीही एकामागून एक प्रत्येक घराचे पडदे ओढलेले होते. एक शेतकरी ट्रॅक्टर थांबवून, टोपी छातीशी धरून उभा होता.

नोराबाईंचे पडदे सताड उघडे होते. त्या पुढच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. शववाहिनी त्यांच्या फाटकासमोर आली आणि माणसाच्या चालीपेक्षाही हळू झाली. त्यांनी मान वर केली, सरळ आमच्याकडे पाहिलं, मग पाठ फिरवली आणि एक ओली चादर झटकून दोरीवर टाकली.

आमची गाडी मागेच होती. मी काच खाली करून पाहत राहिले. कपडे वाळत घालायला त्यांनी चर्चला जायचा काळा कोट घातला होता, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून, आणि डोक्यावर काळी टोपी होती. एक एक चिमटा त्या तोंडात धरत होत्या आणि दोरीला लावत होत्या.